लहान घर विकायला काढताय? बघायला येणाऱ्यांसाठी घर असं तयार करा

लहान घर बघायला येणाऱ्या माणसाच्या मनात मुख्यतः दोन प्रश्न असतात. आपलं सामान इथे मावेल का? आणि या घरात काही लपवलेलं तर नाही ना? मोठ्या घरात एखादा ओला कोपरा किंवा करकरणारं दार नजरेतून सुटून जातं. लहान घरात सगळं हाताच्या अंतरावर असतं, त्यामुळे बारीकसा दोषही लगेच दिसतो आणि त्यावरून माणूस सगळ्या घराचा अंदाज बांधतो. म्हणून पैसा आणि मेहनत आधी दोष काढण्यावर खर्च करा, मग जमीन मोकळी करण्यावर आणि उजेडावर. सजावट अगदी शेवटी. बरेच जण नेमकं उलट करतात: नवे पडदे आणि शोभेच्या वस्तू आणतात, आणि बाथरूमचा नळ गळतच राहतो.

कामांचा क्रम मोडू नका. आधी सामान हलवायचं, मग दुरुस्ती, मग रंग, मग सफाई, मग मांडणी आणि शेवटी फोटो. रंग झाल्यावर नळकाम निघालं तर भिंत फोडावी लागते आणि रंगाचे पैसे पुन्हा जातात. भिंतीत ओल नसेल तर पाच-सहा आठवड्यांत सगळं उरकतं. ओल असेल तर जास्त वेळ लागतो, त्याचं कारण दुसऱ्या पायरीत येईल.

हाताशी काय हवं

- मोजपट्टी, पेन्सिल, कागद आणि जमिनीवर खुणा करायला कागदी चिकटपट्टी
- स्क्रू ड्रायव्हरचा संच, पाना, कटर, पट्टी (पुट्टी लावायची)
- १२० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर
- भिंतीची पुट्टी, प्रायमर, रंग, रोलर, दोन इंची ब्रश
- बुरशीला दाद न देणारं सिलिकॉन आणि ते भरायची गन
- सायट्रिक ॲसिडची पूड, भांड्यांचा साबण, जुने टूथब्रश, काच पुसायचा रबरी वायपर
- हातमोजे आणि मास्क
- जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा, साधारण दीड फूट लांब-रुंद

१. जमीन मोकळी करा

खोली मोठी वाटते ती जमीन किती दिसते त्यावरून. नजर दारापासून समोरच्या भिंतीच्या पायथ्यापर्यंत अडथळ्याशिवाय गेली पाहिजे. तेव्हा सुरुवात जमिनीवर ठेवलेल्या वस्तूंपासून करा: खोकी, बॅगा, चपलांचे जोड, कोपऱ्यातलं टेबल, गॅलरीत साठवलेलं भंगार.

पुढच्या तीन महिन्यांत जे लागणार नाही ते आत्ताच बांधून घराबाहेर न्या. नातेवाइकांकडे ठेवा, भाड्याची जागा घ्या, पण पलंगाखाली सरकवू नका. लोक वाकून बघतात. कपाटंही उघडतात, आणि त्यांनी उघडावीच. कपाट वरपर्यंत ठासून भरलेलं दिसलं की "या घरात जागाच नाही" असा निष्कर्ष निघतो. कप्प्याचा निदान एक तृतीयांश भाग रिकामा ठेवा. माळ्यालाही हाच नियम.

घर पूर्ण रिकामं मात्र करू नका. हे पुष्कळांना पटत नाही, पण रिकामी खोली मोजकं सामान असलेल्या खोलीपेक्षा लहान वाटते, कारण नजरेला माप घ्यायला काहीच मिळत नाही. पलंग बसेल की नाही ही शंका तशीच राहते. प्रत्येक खोलीत तिचा उपयोग कळेल एवढं मोजकं सामान राहू द्या.

२. ओल शोधा आणि मुळातून काढा

बरेच व्यवहार अडतात ते इथे. ओलीचा डाग कुठे आहे यावरून तिचं कारण बरंचसं ओळखता येतं. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांत डाग असेल तर चौकटीच्या बाहेरची सांध उघडी पडलेली असते, किंवा खिडकीच्या कठड्याचा उतार आतल्या बाजूला असतो. बाथरूमच्या मागच्या भिंतीवर फूट-दीड फुटापर्यंत पोपडे असतील तर बहुधा बाथरूमच्या लादीच्या सांध्यांतून किंवा आतल्या पाइपातून पाणी झिरपतंय. छताला गोल पिवळट डाग असेल तर वरच्या मजल्यावरून किंवा गच्चीवरून. तळमजल्याच्या भिंतीत जमिनीलगत सरळ पट्टा असेल तर पाणी जमिनीतून वर चढतंय.

कधीकधी ओल भिंतीतली नसतेच, खोलीतल्या हवेतली वाफ थंड भिंतीवर बसलेली असते. फरक ओळखायला प्लॅस्टिकचा तो दीड फुटी तुकडा डागावर ठेवा, चारही कडा चिकटपट्टीने हवाबंद करा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. प्लॅस्टिकच्या आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब जमले तर ओल भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला जमले तर ती हवेतली वाफ आहे. वाफेवरचा उपाय सोपा: कपाट भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे ओढा, खिडकी रोज उघडा, बाथरूममध्ये बाहेर हवा फेकणारा पंखा बसवा.

बाथरूमच्या लादीचा संशय असेल तर नहाणी ट्रॅपचं (सांडपाणी जातं त्या जाळीखालच्या भांड्याचं) तोंड घट्ट बंद करा, उंबऱ्याच्या पातळीखाली राहील असं इंचभर पाणी भरा आणि पाण्याच्या रेषेवर पेन्सिलीची खूण करा. चोवीस तासांनी पातळी ठळक उतरली किंवा खालच्या छताला नवी ओल आली, तर गळती लादीतूनच आहे. पातळी तशीच राहिली तर पाइप तपासा. ही चाचणी करण्याआधी खाली राहणाऱ्यांना सांगून ठेवा.

गळती बंद झाली म्हणजे भिंत लगेच कोरडी झाली असं नाही. विटांची भिंत वाळायला जाडीच्या दर इंचाला साधारण एक महिना लागतो. म्हणूनच दुरुस्तीत ओलीचं काम सगळ्यात आधी सुरू करायचं. भिंतीवर आलेली क्षारांची पांढरी पूड कोरड्या ब्रशने झाडून काढा. पाण्याने धुतली तर क्षार विरघळून परत भिंतीत जातात आणि वाळल्यावर पुन्हा फुटतात. फुगलेलं प्लास्टर ठोकून पाहा, पोकळ वाजलं तर तेवढं काढून नवं करा.

एक चूक अजिबात करू नका: ओल्या भिंतीवर आतून वॉटरप्रूफ रंग मारणं. आत अडकलेलं पाणी वाट शोधत वर किंवा बाजूला सरकतं, आणि काही आठवड्यांत रंगाला फुगे येतात. नेमकं तेव्हाच कोणी घर दुसऱ्यांदा बघायला आलं, तर त्याला फक्त ओल दिसत नाही, लपवालपवी दिसते. त्यानंतर तुमच्या दुसऱ्या कोणत्याही शब्दावर त्याचा विश्वास बसत नाही. दुरुस्ती केली असेल तर पावती आणि कामाआधीचे फोटो जपून ठेवा आणि आपणहून दाखवा.

३. हाताला जाणवणाऱ्या गोष्टी दुरुस्त करा

घर बघणारा माणूस दार ढकलतो, बटण दाबतो, नळ सोडून पाहतो. एक कागद घेऊन घरभर फिरा आणि हात लागेल अशी प्रत्येक वस्तू वापरून पाहा.

कपाटाचं दार लोंबतंय? बिजागरीचा स्क्रू नुसता फिरतो, घट्ट बसत नाही, कारण लाकडातलं भोक सैल झालेलं असतं. स्क्रू काढा, दोन-तीन आगकाड्यांच्या टोकाचा मसाला खरवडून त्या सुताराच्या पांढऱ्या गोंदात बुडवून भोकात ठोका, रात्रभर वाळू द्या, जादाचा भाग कापा आणि तोच स्क्रू परत लावा.

एका दांड्याचा मिक्सर नळ गळत असेल तर आतलं कार्ट्रिज (पाणी सोडणारा-अडवणारा सुटा भाग) बहुधा झिजलेलं असतं. आधी नळाला येणाऱ्या पाण्याचा कॉक बंद करा. कार्ट्रिज वेगवेगळ्या मापांची येतात, ३५ आणि ४० मिलिमीटर ही नेहमीची मापं, म्हणून जुनं काढून दुकानात सोबत न्या. जुन्या पद्धतीच्या फिरवायच्या नळात बहुतेक वेळा वायसर बदललं की काम होतं.

फ्लशची टाकी छुपी गळते तेव्हा आवाजही होत नाही. टाकीत खाण्याच्या रंगाचे चार-पाच थेंब टाका आणि वीस मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर टाकीच्या तळाचं रबरी झाकण बदला.

विजेच्या बोर्डांच्या पिवळ्या पडलेल्या पट्ट्या बदलल्या की भिंत एकदम ताजी दिसते. पण एखाद्या सॉकेटभोवती करपल्याचा डाग असेल तर नुसती पट्टी बदलू नका. आत बहुधा जोड सैल आहे आणि तिथे आग लागू शकते. इलेक्ट्रिशियनला बोलवा.

४. रंग

सगळ्या खोल्यांना एकच फिकट छटा द्या. दर खोलीला वेगळा रंग असला की लहान घराचे तुकडे पडल्यासारखे दिसतात. एकच छटा असली की नजर एका खोलीतून दुसरीत सरकत जाते. चकचकीत पांढऱ्यापेक्षा किंचित उबदार पांढरा बरा. छत मात्र पांढरंच आणि मॅट ठेवा, ते उंच वाटतं. भिंत उंचसखल असेल तर चमकदार फिनिश टाळा, कारण तिरपा उजेड पडला की प्रत्येक उंचवटा उठून दिसतो.

रंग किती लागेल हे दुकानदारावर सोडू नका, स्वतः मोजा. १० बाय १२ फुटांची, ९ फूट उंच खोली घ्या. चारही भिंतींची लांबी ४४ फूट, गुणिले ९ म्हणजे ३९६ चौरस फूट. त्यातून दाराचे २१ आणि खिडकीचे १६ वजा केले की उरतात साधारण ३६० चौरस फूट. इमल्शन रंग एका हातासाठी लिटरला साधारण १०० चौरस फूट पुरतो असं धरा. दोन हातांना सुमारे सव्वासात लिटर. छताचे १२० चौरस फूट वेगळे, त्याला अडीच लिटर.

भोकं पुट्टीने भरा, वाळल्यावर आधी १२० आणि मग २२० नंबरच्या पेपरने घासा, धूळ पुसा, प्रायमर द्या आणि मगच रंग. दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेला वेळ जाऊ द्या. घाई केली तर रोलर खालचा थर ओढतो. आणि डागापुरतं ठिगळ लावू नका. जुना रंग उडालेला असतो, त्यामुळे त्याच डब्यातल्या रंगाचं ठिगळसुद्धा ओळखू येतं. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंत रंगवा.

५. सफाई, विशेषतः बाथरूम आणि ओटा

सफाई वरून खाली: पंखा आणि छत, मग भिंती आणि खिडक्या, शेवटी जमीन. काच उन्हात पुसू नका. पाणी पुसण्याआधीच वाळतं आणि ओघळ राहतात. बादलीभर पाण्यात साबणाचे काही थेंब पुरतात, वर वायपर ओढा. खिडकीच्या सरकत्या पट्टीतली माती टूथब्रशने काढा. खिडकी एका बोटाने सरकली पाहिजे.

नळांवरचे पांढरे डाग म्हणजे पाण्यातले क्षार. लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे सायट्रिक ॲसिड विरघळवा, कापड भिजवून नळाभोवती गुंडाळा आणि वीस मिनिटांनी घासून धुवा. संगमरवरावर हे पाणी सांडू देऊ नका, आम्लाने त्याची झळाळी कायमची जाते. आणि ब्लीच वापरणार असाल तर कोणतंही आम्ल त्याच्या जवळपास नको. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

बेसिन आणि भिंतीमधली काळी पडलेली सिलिकॉनची रेघ घासून गोरी होत नाही, कारण बुरशी आत शिरलेली असते. ती कटरने पूर्ण काढा. जुन्या सिलिकॉनवर नवं चिकटत नाही, म्हणून उरलेला पापुद्राही खरवडा, जागा स्पिरिटने पुसून कोरडी करा, दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून मधे बारीक धार भरा आणि ओल्या बोटाने एका दमात सपाट करा. पट्टी लगेच काढा, आणि चोवीस तास पाणी लागू देऊ नका.

घर बंद असेल आणि आत शिरल्यावर गटाराचा वास येत असेल, तर बहुतेक वेळा काहीही बिघडलेलं नसतं. नहाणी ट्रॅपमध्ये थोडं पाणी कायम साचलेलं असतं आणि तेच खालचा वायू अडवतं. महिनाभर वापर नसला की ते वाळून जातं. प्रत्येक जाळीत तांब्या-दोन तांबे पाणी ओता. पाणी लवकर उडू नये म्हणून वर चमचाभर खाद्यतेल सोडा.

उग्र सुगंधी फवारे मारू नका. ते नाकात शिरलं की माणूस विचार करतो, कसला वास झाकलाय?

६. मांडणी आणि मोजमाप

मुख्य वाटेला तीन फूट मोकळे हवेत, पलंगाच्या बाजूला दोन फूट, सोफा आणि टीपॉयमध्ये दीड फूट. जमिनीवर चिकटपट्टी लावून आधी आखा, मग सामान हलवा.

उदाहरणार्थ, ९ बाय १० फुटांची झोपायची खोली. ५ बाय साडेसहा फुटांचा पलंग ९ फुटी भिंतीच्या मधोमध ठेवला तर दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट मिळतात आणि पायथ्याशी साडेतीन फूट. त्याच पायथ्याशी दोन फूट खोल कपाट ठेवलं की दीडच फूट उरतो, आणि दीड-पावणेदोन फुटी दार नीट उघडत नाही. दार पलंगाला अडतं हे बघणाऱ्याला क्षणात कळतं. अशा खोलीत कपाट बाजूच्या भिंतीला घ्या आणि पलंग एका अंगाला सरकवा, किंवा सरकत्या दाराचं कपाट ठेवा.

खोलीत अनेक लहान वस्तूंपेक्षा योग्य मापाच्या तीन वस्तू बऱ्या. पायांवर उभं असलेलं फर्निचर निवडा, खालून जमीन दिसते. सतरंजी किंवा गालिचा सोफ्याच्या पुढच्या पायांखाली जाईल एवढा मोठा हवा. मधेच चटईएवढा तुकडा टाकला की खोली आक्रसते.

प्रत्येक खोलीची भिंतीपासून भिंतीपर्यंतची मापं, दारं-खिडक्यांच्या रुंदीसह, एका कागदावर काढून ठेवा. सामान मावेल का, या प्रश्नाला याहून चांगलं उत्तर नाही.

७. उजेड

पडद्याची दांडी खिडकीच्या वर चार-सहा इंच आणि दोन्ही बाजूंना सहा-आठ इंच जास्त घ्या. पडदा उघडल्यावर तो भिंतीवर जातो, काच पूर्ण मोकळी राहते आणि खिडकी मोठी दिसते. आरसा खिडकीच्या समोर किंवा काटकोनात लावा. समोर संडासाचं दार येणार असेल तर लावू नका.

एका खोलीतले दिवे एकाच रंगाचे ठेवा. एक पिवळा, एक निळसर असं असलं की नवा रंगही मळका वाटतो. राहत्या खोल्यांना ३,००० केल्व्हिन (उजेडाच्या रंगाचं माप, आकडा लहान तितका उजेड पिवळसर), ओटा आणि बाथरूमला ४,००० चालतं. १० बाय १२ फुटांच्या खोलीला एकूण २,००० ते २,५०० ल्युमेन (दिवा किती उजेड देतो त्याचं माप) पुरतात, म्हणजे ९ वॉटचे तीन एलईडी. तिन्ही एका जागी नकोत. एक दिवा अंधाऱ्या कोपऱ्यात असला तर तो कोपरा खोलीत परत येतो.

८. फोटो

दिवसा, सगळे दिवे लावून, फ्लॅश बंद ठेवून. मोबाइल छातीच्या उंचीवर, चार-साडेचार फुटांवर, आडवा आणि सरळ धरा. वर-खाली कलला की भिंती पडल्यासारख्या दिसतात. खोलीच्या दारातून किंवा कोपऱ्यातून घ्या. मोबाइलमधलं ०.५चं, जास्त रुंद दाखवणारं भिंग वापरण्याचा मोह टाळा. त्यात खोली दुप्पट दिसते, माणूस तेवढ्या आशेने येतो आणि दारातच हिरमुसतो.

बारा-पंधरा फोटो पुरेत. फोटोत कागदपत्रं, मुलांच्या शाळेची नावं किंवा टांगलेल्या किल्ल्या येऊ देऊ नका. किल्लीच्या स्पष्ट फोटोवरून तिची नक्कल बनवता येते.

९. एका फाइलमध्ये हे कागद

- मालकीचा दस्त आणि आधीच्या व्यवहारांची साखळी
- मंजूर नकाशा
- कर, वीज आणि पाण्याची अलीकडची बिलं
- कर्ज असेल तर बाकी रकमेचं पत्रक
- संस्था असेल तर थकबाकी नसल्याचं पत्र
- दुरुस्तीच्या पावत्या, उपकरणांची हमीपत्रं

पहिल्या भेटीत फक्त प्रती दाखवा, मूळ कागद हातात देऊ नका. नियम जागोजागी वेगळे असतात, म्हणून किंमत ठरण्याआधीच वकिलाकडून फाइल तपासून घ्या. नावातला एखाद्या अक्षराचा फरक दुरुस्त करायलाही कधीकधी बरेच आठवडे जातात.

१०. दाखवायच्या दिवशी

दिवसा घरात सगळ्यात चांगला उजेड येतो त्या वेळेला लोकांना बोलवा. तासभर आधी खिडक्या उघडा, कचरा बाहेर न्या, ओल्या जागा कोरड्या करा, सगळे दिवे लावा. दागिने, औषधं आणि महत्त्वाचे कागद कुलपात. पाळीव प्राणी शेजाऱ्यांकडे.

लहान खोलीत घरचे चार आणि बघणारे चार असे उभे राहिले तर ती कोणालाच आवडणार नाही. घरातल्या एकाच माणसाने थांबावं, दार उघडून मापांचा कागद हातात द्यावा आणि बाजूला व्हावं. "ही बेडरूम, हे किचन" असं सांगत मागे मागे फिरू नका. लोकांना आपापसात कुजबुजायचं असतं, त्यांना ते करू द्या. विचारलं तर खरं उत्तर द्या, माहीत नसेल तर बघून कळवतो म्हणा आणि त्याच दिवशी कळवा.

ते गेल्यावर त्यांनी काय विचारलं आणि कुठे जास्त वेळ थांबले ते लिहून ठेवा. तीन वेगवेगळ्या माणसांनी एकाच गोष्टीवर बोट ठेवलं, तर चौथ्याला बोलावण्याआधी ती दुरुस्त करा.